एसी विकणाऱ्या माणसाचं रिसॉर्ट, माँटेगो बे

लग्नाच्या वाढदिवसाला जमैकातल्या सँडल्स माँटेगो बे ह्या रिसॉर्टला जाऊन आलो, आणि खरं सांगू, खोलीपेक्षा ह्या जागेची गोष्टच मला जास्त आवडली. मालक बुच स्टुअर्ट, ह्या माणसाला हॉटेलातलं काही म्हणजे काहीच कळत नव्हतं, १९६८ मध्ये त्याने एसी आयात करून विकायला सुरुवात केली, आणि १९८१ मध्ये, म्हणजे जमैकाचं टुरिझम झोपलेलं असताना, किनाऱ्यावरचं बे रॉक नावाचं पडीक हॉटेल घेतलं. खोल्या किती तर ९९! डागडुजी करून त्याच वर्षी चालू पण केलं. आज कॅरिबियनमध्ये जिकडे तिकडे सँडल्सची रिसॉर्ट्स. स्टुअर्ट २०२१ मध्ये गेले.

आता आमचं. एअरपोर्ट इतका खेटून की विमान डोक्यावरून जातं, आणि इथली जुनी पद्धत अशी की विमान आलं की हात हलवायचा आणि जोडीदाराची पापी घ्यायची. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी इकडेतिकडे बघून घेतलं, तिसऱ्या दिवशी स्वतःच आकाशाकडे डोळे लावून बसले 😄

नाश्त्याला अकी आणि खारवलेला मासा मिळाला तर सोडू नका, अकी हे फळ पण दिसतं थेट अंड्याच्या भुर्जीसारखं, आणि माशाचा वास आला की मालवणचं सुकं आठवतंच. स्वस्त अजिबात नाही हां, पण खाणंपिणं, टिप सगळं त्यातच. पोरांना मात्र आजीकडे ठेवा, इथे फक्त जोडप्यांनाच घेतात.