३९९ रुपयांचा किचन काटा, सहा महिने वापरून (लाडवांसाठी नाही)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू किचनमधल्या डिजिटल काट्याचा आहे पण बेसन आणि रवा मोजणाऱ्यांना याचा फारसा उपयोग होणार नाही. मी हा काटा ओले डायपर मोजायला घेतला. माझे, नातवाचे नाही.

वय ६६, पुण्यात धनकवडीत ३१ वर्षं किराणा दुकान, म्हणजे आयुष्य काट्यामागेच गेलं. गेल्या वर्षी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ११ च्या वर आला, मग एमआरआय, बायोप्सी, कॅन्सर निघाला, ग्लिसन ३+४ (कॅन्सर किती जोराचा आहे त्याचा आकडा), आणि जुलैत रोबोटिक ऑपरेशन करून प्रोस्टेट काढून टाकली. ऑपरेशनचं एवढं काही वाटलं नाही, तीन दिवसांत घरी आलो. खरी मजा दहाव्या दिवशी कॅथेटर काढल्यावर. सिस्टर म्हणाल्या काका उठून उभे रहा, मी उभा राहिलो आणि फरशीवर तळं, आणि मला होतंय हे कळलंसुद्धा नाही, नळाला वॉशरच नाही अशी गत. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लघवी अडवायला दोन झडपा असतात, एक मूत्राशयाच्या तोंडाशी आणि एक प्रोस्टेटच्या खाली, प्रोस्टेट काढताना वरची जाते आणि सगळा भार खालच्या एकटीवर येतो. तिला ताकद यायला तीन महिने लागतात, कुणाकुणाला वर्ष.

मग फिजिओच्या मॅडमकडे पाठवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, दिवसाला किती पॅड लागतात? मी म्हटलं चार. त्या म्हणाल्या चार म्हणजे किती हो काका, कुणी जरा ओलसर झालं की बदलतं आणि कुणी पार भरेपर्यंत घालून बसतं, वजन करा आणि आकडा घेऊन या. आता गिऱ्हाईक 'मूठभर जिरं द्या' म्हणालं की मूठ कुणाची असं मीच विचारणारा माणूस, माझी बोलती बंद.

पद्धत सोपी आहे. कोरा पॅड मोजायचा, चोवीस तासांत काढलेला प्रत्येक ओला पॅड लगेच झिपच्या पिशवीत घालून मोजायचा (उघडा ठेवला की वाळतो आणि वजन उतरतं), कोऱ्याचं आणि पिशवीचं वजन वजा करायचं, उरले तेवढे ग्रॅम म्हणजे साधारण तेवढे मिली.

दुकानातला काटा का नाही वापरला असं मुलानं विचारलं. एक तर तो तीस किलोचा, पाच-पाच ग्रॅमनं पुढे सरकतो. दुसरं म्हणजे त्याच्यावर लोकांची साखर मोजतो मी. घरात लाडवाचा काटा होता, त्याला हात लावल्याबरोबर ही स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, तो खाली ठेवा आधी, तुमच्यासाठी दुसरा मागवा." म्हणून दुसरा मागवला आणि तिनं त्याच्यावर नेलपॉलिशनं लाल फुली मारून ठेवली.

आता काट्याबद्दल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हाच पांढरा काटा ऑनलाइन दहा नावांनी मिळतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. आल्या आल्या माझ्याकडची शिक्क्याची वजनं लावून पाहिली, २०० ला २०० आणि ५०० ला ४९९, म्हणजे या किमतीत चोख. तुमच्याकडे वजनं नसतील तर पाच रुपयाची सोनेरी, २०११ ते २०१८ मधली नाणी घ्या, एक बरोबर सहा ग्रॅमचं असतं, दहा ठेवली की साठ यायला पाहिजे. टेअर म्हणून बटण आहे ते म्हणजे आपला धडा, रिकामं भांडं ठेवून दाबलं की शून्य. ते लागतंच कारण काट्याचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे पसरट डायपर ठेवला की आकड्याची खिडकी त्याच्याखाली झाकली जाते, वाकून बघायचं तर टाके ओढतात. मी एक जुनी पातेली पालथी ठेवतो, धडा करतो आणि वर ठेवतो.

दुसरा दोष, दीड-दोन मिनिटांत आपोआप बंद पडतो. चष्मा शोधेपर्यंत गेला. मग धडा पुन्हा.

पहिल्या आठवड्यात आकडा आला ४८६. रोजचा. जवळपास अर्धा लिटर दूध. कोरी पुल-अप चड्डी ९२ ग्रॅम, त्या चार लागायच्या, एक ४० रुपयाला, हिशोब तुम्हीच करा. सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला म्हणतात, गल्ल्यावर मला फार फरक दिसला नाही. पाकिटावर हजार मिली वगैरे छापलेलं असतं त्याच्यावर जाऊ नका, मी मोरीत मापाच्या पेल्यानं ओतून बघितलं, आडवी ठेवून हळूहळू ओतलं तर बरंच पाणी पिते पण अंगात घालून खुर्चीत बसलं की चारशेच्या आसपासच मांडीतून गळायला लागते. आणि एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीचा एम असतो, कंबर टेपनं मोजून घ्या. नंतर कमी झाल्यावर पुरुषांचा पुढून खोलगट असतो तो पॅड घेतला, नेहमीच्या घट्ट चड्डीत बसतो. बायकांचा चालेल असं मेडिकलवाला म्हणाला होता, नाही चालत, आपली धार पुढे असते.

वापरलेले कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्यायचे. 'स्वच्छ' संस्थेच्या कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना सांगितलंय, त्यांना उघडं पाकीट हातात घ्यायला लागू नये म्हणून. पहिले काही दिवस मी हे गुपचूप पहाटे ठेवायचो. एकदा ताई म्हणाल्या, काका आजारी आहे का कोण? म्हटलं मीच. बरं म्हणाल्या आणि गाडी ढकलत पुढे गेल्या, संपलं.

व्यायाम केगलचे. पादणं अडवताना जे आवळतो ते आवळायचं, पोट नाही, श्वास नाही. दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि लघवी करता करता करायचं नाही. हे केगल म्हणजे अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ, १९४८ साली त्यांनी हे बायकांसाठी छापलं, बाळंतपणानंतर खोकलं की गळतं त्याच्यावर. हे घरी सांगितलं तर ही म्हणाली, "दोन बाळंतपणं झाली माझी, मला कुणी मॅडमकडे नेलं होतं का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आकडा पाचव्या आठवड्यात ३१० झाला आणि तिथेच अडला. काट्याचा फायदा असा की वेळेप्रमाणे लिहिलं की दिसायला लागतं. रात्री आडवा असताना जवळजवळ कोरडा, सकाळी थोडं आणि संध्याकाळी पाच ते नऊ सगळ्यात जास्त, कारण दिवसभर काउंटरमागे उभं राहून ती झडप थकते. आणि ज्या दिवशी मी न ऐकता तांदळाची गोणी सरकवली त्या दिवशी एकदम साठ ग्रॅम जास्त. मॅडमनी तेच पकडलं, उचलायच्या आधी आवळा मग उचला, उठायच्या आधी आवळा मग उठा. जड उचलणं पोराकडे दिलं आणि चहा पाचचा दोन कप केला.

मग आठवड्यात आकडा १५० वर आला. मी खूश, वही घेऊन रुबाबात गेलो. मॅडमनी वही बघितली आणि विचारलं, पाणी किती पिता? झालं. मी पाणीच तोडलं होतं, दिवसाला तीन पेले, लघवी हळदीसारखी आणि जळजळ. जन्मभर दांडी न मारता धंदा केला आणि स्वतःच्या वजनात दांडी मारली. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या उद्यापासून वहीत पाण्याचा पण रकाना काढा. पाणी नीट पिऊन खरा आकडा आला २४०. तो आकडा लिहिताना हात जड झाला होता.

तिसऱ्या महिन्याला ७४. सहाव्याला ११. आता बाहेर जाताना एक छोटा पॅड, घरात नाही लावत. इतक्या कमी वजनाला हा काटा जरा गडबडतो, अगदी हलकं काही हळूच ठेवलं तर शून्यच धरून बसतो, तेव्हा उचलून परत ठेवावं लागतं.

ऑपरेशननंतरचा पीएसए ०.१ च्या खाली आहे, दर तीन महिन्यांनी तपासायचा. दुसरा त्रास आहे तो नवरा-बायकोतला, तो काट्यावर बसत नाही. एकाच बाजूची नस वाचवता आली, रोज एक गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणाले दोन वर्षंसुद्धा लागतात आणि पहिल्यासारखं होईलच असं नाही. हे मी हिला सांगायला दीड महिना लावला. ती म्हणाली मला वाटलंच होतं, आणि मग लाईट बंद करून आम्ही बराच वेळ दुकानाच्या भाड्याबद्दल बोलत बसलो.

चार स्टार. एक कापला तो आपोआप बंद पडण्याचा. ओल्या ओट्यावर ठेवू नका, गादीवर ठेवून मोजू नका, वजन चुकतं. सेल रिमोटचे चालतात.