दार्जिलिंगच्या टॉय ट्रेनची वाफेवरची जॉयराइड, डोळ्यात कोळसा गेला तरी पैसे वसूल
दार्जिलिंग ते घूम आणि परत, अंदाजे दोन तास, बुकिंग करताना डिझेल नको स्टीमच घ्या नाहीतर मजा नाय. दोन रुळांमधलं अंतर फक्त २ फूट, गाडी दुकानांना घासूनच जाते, मधे बतासिया लूपला (रूळ गोल वळसा घेतात तिथे) थांबते पण कांचनजंगा ढगात, असो. खरं सांगू का, शिट्टी झाली नि मी एकदम लहानपणी कुर्डुवाडीला, आजीसोबत बार्शी लाइटने, म्हणजे तिथल्या जुन्या छोट्या रेल्वेने, पंढरपूरला निघालोय, आजी ओरडतेय 'अरे डोकं आत घे रे', पांढरा सदरा काळा ठिक्कर. तोच वास इथे, तीच ठिणगी बाहीवर. बायको म्हणाली रुमाल घे, म्हटलं राहूदे. खिडकीचीच सीट धरा.