पेटी घरातच राहिली, सूर तेवढे गेले

सप्ताहांचे दिवस जवळ आले की आमच्या गंगाखेड भागात पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करणारे गावोगाव फिरू लागतात. बहुतेक जण कष्टाळू असतात, हातात कसब असलेले. पण एक जण आमच्याकडे येऊन गेला, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पेटी आजोबांची. मराठवाडा निजामाकडे होता तेव्हा, म्हणजे १९४८ च्या आधी, त्यांनी ती हैदराबादहून आणलेली. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, दुहेरी असल्यानं, म्हणजे एका पट्टीला दोन, आत ८४ जर्मन सूर. सूर म्हणजे पितळी पट्टीवर बसवलेली, हवेनं थरथरून वाजणारी बारीक जीभ. आकाशवाणीनं १९४० पासून कित्येक वर्षं पेटीला दार बंद ठेवलं होतं. आमच्या देवळात मात्र हिच्यावाचून काकडा झाला नाही. तिचा खर्जातला पंचम जरा उशिरा बोलायचा. आजोबा त्या पट्टीवर बोट किंचित आधी टाकायचे. त्यांचं बघून शिकलेल्या काकांच्या बोटांनाही तीच सवय लागली.

यंदा भाता गळायला लागला. त्या माणसानं ओसरीवर बसून भात्याला नवं कातडं लावलं, काम खरोखर चांगलं केलं. मग म्हणाला, “मामा, सूर मिळवायला शांतता लागती. इथं लेकरं, मोटारसायकली. मी नुसता सुरांचा पाटा नेतो, पेटी तुमच्या घरीच राहू द्या.” पाटा म्हणजे सगळे सूर बसवलेली आतली लाकडी फळी. सगळी गोम इथंच आहे. पेटी डोळ्यांसमोर असली की ती गेली असं कुणाला वाटणार? आणि बोलणंही अर्धं खरं होतं. सूर टोकाशी घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो. कानस जरा जास्त लागली की तो सूर वाया. गोंगाटात हे काम होत नाही. काकांनी त्याचं नाव, गाव, फोन नंबर लिहून घेतला, ओळखीच्या एका पेटीवाल्याकडे चौकशीही केली.

पाटा परत आला तो पितळ चकाकतच. “चिंचेनं धुतलं,” म्हणाला. पेटी सुरात होती, पैसे दिले.

हरिपाठाला काका वाजवायला बसले आणि अडखळायला लागले. बोट सवयीनं आधी पडायचं आणि पंचमही लगेच बोलायचा. आधी वाटलं, दुरुस्तीनं सुधारला असेल. पण आवाजही बारीक, चिरका. टाळ-पखवाजात पेटी बुडून जायची. शेवटी नांदेडच्या एका जुन्या कारागिरासमोर पाटा उघडला. तो हसलाच. चिंचेनं सूर धुणारा माणूस त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. मग त्यानं लाकूड दाखवलं. नव्या सुरांच्या पितळी पट्ट्या अरुंद होत्या; त्यांच्या कडेनं जुन्या रुंद पट्ट्यांचे काळसर डाग दिसत होते आणि स्क्रूची जुनी भोकं मेणानं बुजवलेली होती. ८४ च्या ८४ सूर बदललेले. जुन्या जर्मन सुरांना अजून गिऱ्हाईक आहे, त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

पोलिसांत अर्ज दिला. जुने सूर तुमचेच हे ओळखायचं कशावरून, असं तिथं विचारलं. आमच्याकडे पेटीचे फोटो ढीगभर, पण सगळे बाहेरून, हार घातलेले. आतला फोटो कोण काढतो?

तुमच्या घरात किंवा मंडळात जुनी पेटी असेल तर जाणकाराकडून एकदा उघडून घ्या. पाट्याचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो काढा, सुरांवरचे शिक्के आणि अक्षरं वाचता येतील असे. पाट्याच्या लाकडावर नव्हे, सुराच्या पितळी पट्टीवर कडेला बारीक खूण करून घ्या. पाटा तोच परत येतो, सूर नाही. सूर मिळवणं आपल्यासमोरच होऊ द्या. शांतता हवी असेल तर देवळाचं दार लावून घ्या, पण पाटा गावाबाहेर जाऊ देऊ नका. न्यावाच लागला तर सोबत आपलं माणूस पाठवा.

आमचं ऐकून शेजारच्या गावानंही पेटी उघडली. त्यांच्याही पाट्यावर तेच काळसर डाग आणि मेणानं बुजवलेली भोकं निघाली. दुरुस्तीवाला तोच होता. त्याचा फोन बंद लागतोय.