सक्युलंटची ‘इम्पोर्टेड’ माती म्हणून वावरातली काळी माती विकली

जानेवारीत आमच्या जळगावात झाडांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या एका स्टॉलवरून मी सक्युलंटसाठी, म्हणजे पानात-खोडात पाणी साठवणाऱ्या झाडांसाठी, तयार माती घेतली. 5 किलोची पिशवी 650 रुपयांना, अशा दोन. माझ्या सांगण्यावरून शेजारच्या वहिनींनीही एक घेतली. त्यांचं अडेनियमचं (वाळवंटी गुलाबाचं) झाड गेलं ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवल्यामुळे, ही गोष्ट मनातून जात नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

विकणाऱ्याला प्रत्येक झाडाचं नाव तोंडपाठ होतं. “ताई, यात माती नाहीच. हे पांढरं परलाइट, हे प्युमिस, दोन्ही ज्वालामुखीचे हलके खडे, आणि हे तपकिरी दाणे म्हणजे जपानची अकादामा, बोन्सायला वापरतात ती. पाणी थांबतच नाही यात, म्हणून दर तीन दिवसांनी बिनधास्त पाणी द्या.” पिशवी पारदर्शक होती, दाणे मोकळे दिसत होते. पिशवीवर छापलेलं काहीच नव्हतं, फक्त मार्करने लिहिलेलं ‘सक्युलंट मिक्स’. बिल मागितलं तर म्हणाला, “ऑनलाइन पैसे आले की तेच बिल.” मी मान डोलावली.

माझ्याकडे जेड या सक्युलंटचं झाड होतं. लग्नानंतर आईने चाळीसगावहून ओल्या फडक्यात गुंडाळून फांदी दिली होती, त्याला 9 वर्षं झाली. खोड मनगटाएवढं झालं होतं. फेब्रुवारीत थंडी ओसरल्यावर मी ते या मातीत लावलं आणि सांगितल्याप्रमाणे पाणी देत राहिले.

मार्चअखेर पानं सुरकुतली. मला वाटलं, ऊन वाढलंय, तहान लागली असेल. पाणी वाढवलं. इथेच खरा घात झाला. तहानलेलं सक्युलंट आणि मुळं कुजलेलं सक्युलंट सुरुवातीला सारखंच दिसतं, कारण कुजलेली मुळं पाणी ओढूच शकत नाहीत. तहानलेल्या झाडाची पानं पाणी मिळाल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा टणक होतात. कुजलेल्याची होत नाहीत, ती पिवळी पडतात, आतून काचेसारखी दिसू लागतात आणि बोट लागताच गळतात. एप्रिलमध्ये पारा 43 च्या वर गेला, तापलेल्या कुंडीत आत ओल साचलेली. एके सकाळी खोड बुडाशी दाबून पाहिलं तर अंगठा आत रुतला.

कुंडी पालथी केली. वरचे दोन इंच कोरडे, भेगाळलेले. खाली नुसता काळा चिखल आणि त्याला आंबूस वास.

त्या दिवशी पारोळ्याकडून सासरे आले होते, आम्ही त्यांना आबा म्हणतो. त्यांनी चिखलातला गोळा उचलला, अंगठा आणि बोटात धरून पुढे सरकवत गेले. न तुटता लांब पट्टी निघाली. ती माझ्यासमोर धरून म्हणाले, “हाई ते आपला वावरनी माटी शे.” आयुष्यभर कपाशी लावलेला माणूस, त्यांना प्रयोगशाळा लागत नाही. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, धरून ठेवते आणि सुकली की भेगा पडून दगड होते. कपाशीला हाच गुण तारतो. पण पानात पाणी साठवणाऱ्या झाडाच्या मुळांना ओलीपेक्षा हवा जास्त लागते, आणि बंद कुंडीत ही माती त्यांचा श्वासच कोंडते.

मग उरलेली पिशवी मी तपासायला बसले. पांढरे दाणे नखांमध्ये दाबले, ते चपटे होऊन परत फुगले. परलाइट नखाने चुरडलं जातं, त्याची कचकचीत पूड होते. खात्रीसाठी ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर थेंबभर टाकलं, दाणे विरघळून चिकट झाले. थर्माकोल होतं ते. तपकिरी ‘अकादामा’ वाटीभर पाण्यात टाकून ठेवली. पाणी गेरूसारखं लाल झालं आणि सकाळी तळाशी गाळ. कच्च्या मातीच्या गोळ्या रंगवलेल्या होत्या. खरी अकादामाही वर्षा-दोन वर्षांत भुगा होते, पण एका रात्रीत नाही. उरलेल्यातलं किलोभर वर्तमानपत्रावर दोन दिवस उन्हात पसरलं, परत तोललं तर 700 ग्रॅम भरलं. म्हणजे ओल घालून किलोवर विकली होती. असं मिश्रण घ्यायचंच तर लिटरच्या मापाने आणि कोरडं घ्या. चांगलं मिश्रण हाताला हलकं आणि खडबडीत लागतं.

त्या माणसाला फोटो पाठवले. “तुम्ही पाणी जास्त घातलं,” एवढं एकच उत्तर आलं, आणि नंतर नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचा आला. माझ्याकडे पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट होता, पण पैसे कशाचे ते त्यावर कुठे आहे? पॅकबंद मालावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असावं लागतं. यातलं काहीही नसलेली पिशवी मी डोळ्यांदेखत घेतली. तुम्ही घेऊ नका. बिलावर ‘माती’ नको, ‘परलाइट, प्युमिस असलेलं मिश्रण’ असं लिहून घ्या. देत नसेल तर पिशवी तिथेच ठेवा. स्टॉलवर मूठभर मिश्रण ओलं करून दाबून पाहायला सांगा. मूठ उघडल्यावर ते विस्कटायला हवं. लाडू झाला तर नको.

आता मी बाहेरचं काही आणत नाही. भाजलेल्या विटेचे तुकडे फोडून चाळते, हरभऱ्याहून लहान आणि मोहरीहून मोठे तेवढे ठेवते. तेवढीच बारीक खडी धुऊन. या दोन भागांना एक भाग चांगलं कुजलेलं गांडूळखत. कुंडीला भोक हवंच. वरून तांब्याभर पाणी ओतलं की लगेच खालून धार लागते. आणि तीन दिवसांचा हिशोब सोडला, काडी तळापर्यंत खुपसते, कोरडी निघाली तरच पाणी.

जेडच्या शेंड्याकडच्या तीन फांद्या निरोगी होत्या. चाकू स्पिरिटने पुसून कापल्या, काप सुकून खपली धरेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवल्या. एक गेली, दोघींना मुळं फुटली. त्यातली एक नव्या कुंडीत लावून परवा वहिनींना दिली. त्यांनी कुंडी हातात घेतली आणि झाडाकडे बघण्याआधी नखाने माती उकरून पाहिली.