गर्भातलं हिमोग्लोबिन आणि मोठेपणीचं: ताणा तोच, बाणा वेगळा

आमच्या सोलापुरात मागावर ताणा तोच ठेवून बाण्याचा रंग बदलला की चादरीचं रूपच पालटतं. रक्तातही तसंच. हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन. त्याच्या चार साखळ्यांपैकी दोन अल्फा गर्भातही असतात, मोठेपणीही. त्यांच्या जोडीला गर्भात मुख्यतः दोन गॅमा, नंतर दोन बीटा.

गॅमावालं ऑक्सिजन घट्ट धरतं, म्हणून बाळ आईच्या रक्तातून तो ओढून घेऊ शकतं. बीटावालं तो सहज सोडतं. जन्मानंतर सहा महिन्यांत ही अदलाबदल बहुतेक उरकते. गॅमाचं जनुक मात्र कुठे जात नाही. ११व्या गुणसूत्रावर, बीटाच्या शेजारीच, बीसीएल११ए या प्रथिनाने दाबून ठेवलेलं असतं.

निरोगी माणसाला बीटावालंच योग्य. पण सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांत बीटाच बिघडलेलं, तिथे मी ठामपणे गॅमाच्या बाजूने. थॅलेसेमियाचं बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं ते गॅमामुळेच. मग ते पांढरं पडू लागतं आणि घरचे दृष्ट काढत बसतात, तेव्हा जीव तुटतो. रक्ततपासणी आधी करा हो! ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये या दोन्ही आजारांसाठी मंजूर केलेली कॅसजेव्ही ही उपचारपद्धती रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळपेशींत, लाल पेशींपुरतं बीसीएल११ए चालू ठेवणारं जनुकातलं बटण तोडते, आणि झोपलेलं गॅमा पुन्हा कामाला लागतं.