मॉड्युलर सिंथेसायझर आधी घ्यावा की रेकॉर्डर?

प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळणाऱ्यापुढे पहिला मोठा खर्च कशावर करावा, असा प्रश्न येतो तेव्हा साधारणपणे दोन पर्याय असतात: युरोरॅक पद्धतीचा (एका ठरावीक मापाच्या चौकटीत सुटे भाग बसवायचा) मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणारे सुट्या भागांचे वाद्य, किंवा हातात मावणारा रेकॉर्डर आणि घरातलाच संगणक. आवाजाच्या दर्जावरून यांत निवड करता येत नाही. काही सुचत नसेल तेव्हा कोणते साधन आपल्याला कामाला लावते, एवढेच पाहावे.

दोन्ही वाटा जुन्या आहेत. फ्रेंच संगीतकार पिएर शेफर यांनी १९४८ साली पॅरिसमध्ये आगगाड्यांचे आवाज मुद्रित करून त्यांतूनच रचना बांधली, तर १९५० च्या दशकात कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत यंत्रजन्य स्वरांपासून संगीत घडू लागले. आपल्याकडेही १९६९ साली अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग बनावटीचा मॉड्युलर सिंथेसायझर उभारून दिला होता.

मॉड्युलरमध्ये प्रत्येक मॉड्यूल एकच काम करते आणि त्यांना केबलींनी जोडणे आपल्याकडे असते. बहुतेक ऑसिलेटरांत, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलांत, १ व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो, म्हणजे बारा समान स्वरांच्या पट्टीत लगतच्या दोन स्वरांत सुमारे ८३ मिलिव्होल्टांचे अंतर पडते. व्होल्टेज सलग बदलत असल्याने मींड अगदी सहज निघते. उलट स्वर जागेवर टिकवणे हेच कष्टाचे ठरते. भलत्याच ठिकाणी खोचलेली केबल कित्येकदा नवी कल्पना देऊन जाते. अडचण दोन प्रकारची आहे. एकेक मॉड्यूल हजारो रुपयांना पडते, आणि केबली काढल्या की कालची जुळणी संपते. छायाचित्र काढून ठेवले तरी प्रत्येक खुंटी नेमकी किती फिरवली होती, हे त्यावरून पुरते कळत नाही.

रेकॉर्डरची गंमत वेगळी आहे. पिठाच्या गिरणीत दहा मिनिटे तो चालू ठेवून पाहावा. पट्ट्याचा सांधा पुलीवरून जाताना दर फेरीला ठोका देतो, दाणे पडू लागले की भार वाढून घरघर किंचित खाली उतरते, आणि सुपात दाणे संपत आले की ती पुन्हा चढते. एवढ्यात लय आणि स्वर दोन्ही हाती लागतात. हे मुद्रण चौपट संथ केले तर ते दोन सप्तके खाली येते आणि ठोक्यांमधल्या पोकळीत एरवी ऐकू न येणारी कुरकुर उघडी पडते. मात्र त्यासाठी मुद्रणाचा सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो दर) ४८ ऐवजी ९६ किलोहर्ट्झ ठेवावा, अन्यथा संथ केल्यावर ६ किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही आणि आवाज गोधडीखाली दाबल्यासारखा वाटतो.

माझा कौल रेकॉर्डरला आहे. मॉड्युलरची ओढ असेल तर व्हीसीव्ही रॅक या मॉड्युलरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीवर संगणकातच दोन-तीन महिने जुळण्या करून पाहाव्यात. आपल्याला नेमकी कोणती चार मॉड्यूल्स लागतात, हे तोवर ध्यानात येते आणि पैसे वाचतात. दिवसभर कचेरीत संगणकासमोर बसून रात्री पुन्हा तोच पडदा उघडवत नसेल, तर ही पायरी गाळून सरळ छोटा मॉड्युलर घेण्यात गैर काही नाही. त्याच्या जुळणीचा आवाज ती मोडण्याआधी टिपून ठेवायला रेकॉर्डर मात्र तेव्हाही लागेलच.