मुर्डी-आंजर्ले भागातलं घरगुती राहणं-जेवण, ५ पैकी ४ (एक बंबापायी गेला)

घराचं नाव टाकत नाही, काकांनीच सांगितलंय की फार गर्दी नको. मे महिन्यात चौघं गेलेलो, एक रात्र. खोली साधी, एसी नाही, पंखा आहे पण लाईट गेली की तोही नाही, आणि लाईट जातेच. मॅप गाडीला थेट पाखाडीसमोर नेऊन उभा करतो, पुढे नुसत्या पायऱ्या, त्यामुळे आधी फोन करा. आंघोळीला बंबाचं पाणी, आमचा नंबर लागेस्तोवर साडेनऊ वाजले.

जेवण मात्र एक नंबर. फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, मऊ भात, सोलकढी. मासे मिळत नाहीत, त्यासाठी हर्णैला जा.

पण खरं तर हे सगळं लिहितोय ते काकांसाठी. रिटायर गणिताचे मास्तर. मुर्डी म्हणजे रँग्लर परांजप्यांचं गाव, हे ते पाणी द्यायच्या आधी सांगतात. आमचा चिरंजीव म्हणाला, "रँग्लर म्हणजे जीन्स ना?" काका इतके हसले की ठसका लागला, मग झोपाळ्यावर बसवून सांगत बसले की केंब्रिजला गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर, त्यातही सगळ्यात वरचा सीनियर रँग्लर, आणि १८९९ ला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तो झाले, पहिलेच भारतीय, एका इंग्रजाच्या बरोबरीने. एवढं करून परत आले ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये पोरांना गणित शिकवायला, आणि १९०२ पासून तिथेच प्रिन्सिपल. कड्यावरच्या गणपतीच्या शेजारचा माणूस आणि पक्का नास्तिक, हे सांगताना काका जरा आवाज खाली आणतात, कारण काकू आत संकष्टीचं बघत असतात.

निघताना बिल कॅलेंडरच्या मागे लिहिलं. खोली २०००, आठ थाळ्या १६००, नाश्ता २४०, झाले ३८४०. पेन्सिल तशीच मुलाच्या हातात दिली. "३८४० चे आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांड, मग उलटे मांड, वजा कर बघू." ८४३० वजा ०३४८, आले ८०८२. परत तेच, ८५३२. परत, ६१७४. "आता कितीही कर, हेच येणार." केलं, ७६४१ वजा १४६७, तेच आलं! हा गणिती द. रा. कापरेकरांचा आकडा, तेही आपल्या कोकणातलेच, डहाणूत जन्मलेले, आणि फर्ग्युसनला शिकताना १९२७ मध्ये त्यांना जे गणिताचं बक्षीस मिळालं ते रँग्लर परांजप्यांच्याच नावाचं. मुलगा गाडीत बसल्यावर पुढच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर तेच करत होता, पार माणगावपर्यंत.

बायको म्हणाली, "काका, मग आता ६१७४ द्यायचे का?" काका म्हणाले, "द्या की, मी कुठे नको म्हणतो."

रेंज नाही म्हणून जीपे चालत नाही, कॅश न्या, शक्यतो सुट्टे. आमचे १६० परत देताना काकांनी तीनदा मोजले.